शाळा उघडली, गाडी हळू हाका

जूनच्या मध्यावर आपल्याकडे शाळा उघडतात. पाऊसही तेव्हाच येतो. शहापूरजवळून मुंबई-नाशिक हमरस्ता जातो. मुरबाडातून माळशेज घाटाची सडक जाते. पाड्यांवरची आपली पोरे कडेकडेने शाळेला निघतात. डोक्यावर छत्री असली, की बाजूने येणारी गाडी त्यांना दिसत नाही.

कासरा ओढला, की बैल दोन पावलांत थांबतो. फटफटीचे तसे नाही. ताशी 36 किलोमीटर वेगाने ती एका सेकंदात 10 मीटर जाते. पोर दिसून ब्रेक दाबेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. ब्रेक लागल्यावरही गाडी पुढे सरकतेच. वेग दुप्पट केला, तर हे सरकणे चौपट होते. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

मग आपण काय करावे? शाळा यायच्या आधीच वेग कमी करावा. एक पोर रस्ता ओलांडून गेले, तर मागून दुसरे येईल असे धरून चालावे. उभ्या एसटीच्या बाजूने सुसाट जाऊ नये. तिच्या पुढून पोर धावत येते. नुसत्या हॉर्नवर भरवसा ठेवू नये. हॉर्न ऐकून पोर बावरते.

दोन मिनिटे उशीर झाला, तर काम बुडत नाही. गेलेले पोर मात्र परत येत नाही.