पहिले सिझर झाले आहे? पुढच्या बाळंतपणाआधी हे वाचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणे सिझरने झाली, म्हणजे चारातले एक. अडलेल्या बाळंतपणात सिझर आई आणि बाळाचा जीव वाचवते, त्याला घाबरू नये. पण एकदा सिझर झाले की पुढचे प्रत्येक बाळंतपण जोखमीचे समजावे.

गर्भपिशवीवर कापल्याचा व्रण राहतो. पुढच्या खेपेला वार त्या व्रणावर रुजली, तर ती पिशवीत घट्ट रुतते, सुटत नाही. मग मोठा रक्तस्राव होतो, कधी पिशवीच काढावी लागते. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असेल तर हा धोका फार वाढतो. 2006 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात अशा स्त्रियांपैकी दुसऱ्या सिझरला शंभरात 11 जणींची, तर तिसऱ्याला 40 जणींची वार रुतलेली आढळली.

बाळालाही त्रास होतो. दिवस भरण्याआधी काढलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची राहू शकतात. म्हणून 14 एप्रिल असो की बुद्ध पौर्णिमा, केवळ तारीख साधण्यासाठी 39 आठवड्यांआधी सिझर करून घेऊ नका.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, दुसरे पिंपरी किंवा चाकणला. माहेरचे कागद तिकडेच राहतात. पोटावरचा टाका आडवा दिसला तरी आत पिशवीवर छेद कसा घेतला, हे कागदावरच कळते. उभा छेद असेल तर कळांमध्ये पिशवी फाटण्याचा धोका जास्त असतो. छेद खालचा, आडवा असेल तर काही जणींचे नॉर्मल बाळंतपणही होऊ शकते. पण ते ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यातच, घरी कधीच नाही.

एवढे करा :

• डिस्चार्ज कार्ड जपा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.
• पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दीड-दोन वर्षांचे अंतर ठेवा.
• सोनोग्राफीत ‘वार कुठे आहे, व्रणावर तर नाही ना?’ असे डॉक्टरांना विचारा.
• हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका.
• रक्तस्राव, टाक्याजवळ सतत दुखणे किंवा बाळाची हालचाल कमी झाल्यास थांबू नका, 108 ला फोन करा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. कामगार विमा कार्ड असेल तर कामगाराच्या पत्नीलाही उपचाराचा हक्क आहे. वार रुतल्याची शंका असेल तर छोट्या नर्सिंग होमवर विसंबू नका. पिंपरीच्या वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयात आधीच नाव नोंदवा.

मुलासाठी तिसऱ्या सिझरचा आग्रह धरणे म्हणजे सुनेचा जीव पणाला लावणे. कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुषाची नसबंदी सोपी, बिनटाक्याची आहे. 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना आईच्या विश्रांतीला देशहिताचे म्हटले. निदान दीड-दोन महिने पाण्याचे हंडे नवऱ्याने उचलले, तर ते घरातूनच सुरू होईल.