तांदळात लिहिलेलं नाव

हैदराबादच्या सुलतान बाजारातून आबिड्सच्या अंगाला चालत निघालं की थोड्याच वेळात गनफाउंड्री लागते. जुनी माणसं त्या भागाला अजूनही ‘तोप का सांचा’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीला निजामाच्या चाकरीत असलेल्या रेमंड या फ्रेंच सेनापतीनं इथं तोफा ओतण्याचा कारखाना घातला होता. रेमंड १७९८ मध्ये वारला. त्याची कबर शहरात जपलेली आहे आणि मूसारामबाग या वस्तीच्या नावात ‘मस्यू रेमंड’चा ‘मूसा राम’ होऊन तो लोकांच्या तोंडी राहिला आहे. त्या कारखान्यातून आपल्यापर्यंत पोचलेलं नाव मात्र एवढं एकच. साच्यासाठी माती मळणारे, कोळसा वाहणारे, भट्टीपाशी भाजून निघणारे कोण होते, त्यात बायका किती होत्या, याचा माग त्या वस्तीच्या नावात लागत नाही. शस्त्रांच्या कारखान्यांची आठवण अशीच राहते. मालक उरतो, तोफ उरते, राबणारी माणसं गळून जातात, आणि त्यांतही बाई सगळ्यांत आधी गळते.

हैदराबादच्या मराठी घरांत आता आपापली वंशावळ जुळवण्याची हौस वाढली आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. कुणाच्या घरात ‘पणजी लढाईच्या दिवसांत कारखान्यात जायची’ असं एखादं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. ही लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध. शोध सुरू होतो तो पणजीच्या नावापासून, आणि बहुतेक वेळा तिथंच संपतो. माझं म्हणणं असं की चूक सुरुवातीलाच होते. बाईच्या बाबतीत नाव हा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि त्या क्षणापासून माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे तिन्ही मागं टाकायचं, ही रीत आपल्या कितीतरी घरांत होती. लग्नाआधी काम केलेली मुलगी आणि सासरच्या वंशावळीतली सून या कागदावर दोन वेगळ्या बाया आहेत. म्हणून शोध नावाचा न घेता कामाचा घ्यावा. पैसा कुठल्या शिक्क्यात यायचा, जायचं कुठं, अंगावर काय चालत नसे, काम कधी सुटलं, या खुणा धरून बाईपर्यंत पोचता येतं. नाव शेवटी सापडतं.

ज्या देशात या विषयाचा सर्वाधिक अभ्यास झाला त्या ब्रिटनमध्येही हेच घडलं. पहिल्या महायुद्धात तिथं लाखो स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या, पण त्यांच्या नोकरीचे वैयक्तिक कागद फारच थोडे शिल्लक आहेत. लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री स्फोट होऊन ३५ स्त्रिया गेल्या. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे त्याची बातमी छापता आली नाही. खरी हकीकत उघड झाली ती युद्ध संपून सहा वर्षं लोटल्यावर. त्यांची नावं आज माहीत आहेत ती कबरींवरच्या दगडांमुळे, आणि यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये युद्धात गेलेल्या स्त्रियांची नावं लाकडी फळ्यांवर कोरली म्हणून. जी जिवंत घरी परतली, तिच्यासाठी फळी नाही. तिचे वंशज तिला शोधतात ते गटाच्या फोटोवरून, ट्रंकेत सापडलेल्या बिल्ल्यावरून, जनगणनेतल्या धंद्याच्या रकान्यावरून. ब्रिटनची १९२१ ची जनगणना शंभर वर्षांनी खुली झाली आणि हा शेवटचा मार्ग कित्येकांना उघडला. आपल्याकडे तो बंद आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानं माणसागणिक नोंदी कुणालाही पाहायला मिळत नाहीत. मग आपल्याला घरातल्याच खुणांवर अधिक विसंबावं लागतं, आणि हैदराबादच्या घरांत त्या खुणा इतर ठिकाणांपेक्षा जास्त बोलक्या आहेत.

कशा, ते पाहा. सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. रेसिडेन्सीच्या कोठीभोवतीचा हा भाग १९३३ पर्यंत ब्रिटिश अमलाखाली होता, त्यानंतर तो निजामाकडे परत आला आणि त्याचं नाव बदललं. म्हणजे एकाच गल्लीतल्या एकाच कुटुंबाचे आधीचे सरकारी कागद इंग्रजीत असायचे आणि नंतरचे उर्दूत. घरातले हिशेब मराठीत, जुने असतील तर मोडीत. ‘गोदावरी’ हे नाव या तीन-चार लिप्यांतून गेलं की ओळखू येत नाही. तारखांचाही असाच गोंधळ होतो. निजामी दप्तरात फसली साल चाले. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदले आणि त्यात ५९० मिळवले की साल सुरू झालं तेव्हाचा इसवी सन मिळतो. फसली १३५२ म्हणजे ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३, ऐन लढाईचा काळ. हाच आकडा कुणी हिजरी समजून वाचला तर तो १९३३-३४ वर जाऊन पडतो आणि पणजीची नोकरी लढाईच्या कितीतरी आधीची ठरते. कुटुंबाच्या इतिहासातल्या अनेक ‘विसंगती’ अशा एका चुकीच्या हिशेबातून जन्मतात.

सगळ्यांत मोलाची खूण मात्र पैशाची. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले, ब्रिटिश मुलखात कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा ढोबळ हिशेब घरोघरी पाठ होता. आजीला ‘आई महिन्याला इतके रुपये आणायची’ एवढं आठवत असेल तर लगेच विचारावं, हाली की कलदार? हाली असेल तर काम संस्थानातलं. मग शोध हैदराबादच्या गिरण्या-वर्कशॉपांकडे, नांदेडच्या उस्मानशाही मिलकडे, वरंगळच्या आझमजाही मिलकडे वळवायचा. कलदार असेल तर काम छावणीतलं किंवा ब्रिटिश मुलखातलं. बाईचं माहेर खडकी-बोपोडी-दापोडीकडचं असेल तर खडकीच्या दोन्ही कारखान्यांचा विचार करावा लागतो. दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि स्फोटकांचा १९४० साली, लढाई सुरू झाल्यावर उभा राहिला. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि खडकीचे कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले, तेव्हा अर्ज कुणाच्या नावे करायचा हेही बदललं आहे. रोजंदारीचे हजेरीपट मुदत संपली की नष्ट होतात, हे मनाशी धरूनच तो अर्ज करावा.

दुसरी खूण अंगावरची. जिथं स्फोटक भरलं जातं त्या शेडमध्ये धातूला बंदी असते, कारण एक ठिणगी पुरते. ब्रिटनमधल्या बायकांना दारातच केसांतले आकडे, अंगठ्या, काड्यापेट्या काढून ठेवाव्या लागत आणि झडती होई. हाच नियम आपल्याकडच्या सवाष्णीला लावला तर काय उरतं, याचा विचार करा. पायात जोडवी, गळ्यात मंगळसूत्र, नाकात चमकी. एखाद्या घरात ‘ती कामावर जाताना जोडवी काढून पदराच्या गाठीत बांधायची आणि सासूला ते खपत नसे’ अशी आठवण असेल, तर तिला मी कुठल्याही छापील दाखल्याइतकंच वजन देईन. अशी गोष्ट मोठेपणासाठी कुणी रचत नाही. रचायचीच असती तर पदकाची रचली असती. तळहात, केस पिवळे पडायचे अशी आठवण असेल तर तीही टिपून ठेवावी. टीएनटी हाताळणाऱ्यांची कातडी पिवळी पडते, हे पहिल्या युद्धापासून माहीत आहे.

यावर इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, तोंडी आठवण म्हणजे पुरावा नव्हे. माणसं विसरतात, दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून सांगतात. हे खरं आहे, आणि म्हणूनच आठवणीतल्या वाक्यापेक्षा तिच्यातल्या तपशिलाकडे बघायचं. ‘ती बाँब बनवायची’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘ती कलदार आणायची, जोडवी काढायची, आणि धाकट्या काकाच्या जन्माच्या वर्षी काम सुटलं’ यात तपासता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. काकाची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळते. १९४५-४६ मध्ये लढाईची कामं आटोपली आणि हंगामी भरती कमी झाली, तिच्याशी काम सुटल्याचं साल जुळतं का ते पाहता येतं. तीन स्वतंत्र खुणा एकाच जागी येऊन मिळाल्या तर तो पुरावाच. न मिळाल्या तर कच्च्या वहीत ‘घरातली समजूत’ असं लिहून पुढं जावं. यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. लढाईच्या काळात काम केलेल्या प्रत्येक बाईला दारूगोळ्याच्या कारखान्यात नेऊन बसवण्याचा मोह होतो. ब्रिटिश गोष्टी वाचून तो बळावतो. तो आवरला पाहिजे. सैन्याला लागणारं कापड गिरण्यांतून जात होतं, आगगाड्या कोळशावर चालत होत्या. १९४३ मध्ये सरकारनं खाणीत जमिनीखाली बायकांना उतरवण्यावरची बंदी उठवली. ती सूट मध्य प्रांतालाही होती आणि चांद्याच्या मराठी मुलखातल्या खाणी त्यातच येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते; १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावरून वाद झाला आणि सरकारची बाजू त्यांना मांडावी लागली. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. त्या अडीच-तीन वर्षांत खाली उतरलेल्या बाईचं काम गोळा भरणारीच्या कामापेक्षा सुरक्षित नव्हतं, कमी लढाईचंही नव्हतं. तुमची पणजी माग चालवत असेल, कोळसा ओढत असेल, तर तेच लिहा. तिला दुसरीचं काम देऊ नका. आपली बाई सापडावी म्हणून शोध घ्यायचा आणि हाती दुसरीच लागली तर काय मिळवलं?

तिसरा प्रश्न घरातलीच मोठी माणसं विचारतात. तिनं स्वतः कधी सांगितलं नाही, घरानं झाकलं, मग आपण का उकरायचं? घरची बाई कारखान्यात जाते म्हणजे पुरुषाची कमाई पुरत नाही, असा अर्थ निघे. म्हणून ते झाकलं गेलं, यात शंका नाही. पण झाकलं कुणी, हेही विचारायला हवं. बहुतेक वेळा ते तिनं न झाकता तिच्याविषयी बोलणाऱ्यांनी झाकलेलं असतं, आणि ती लाज आता कुणाला वाटायचं कारण उरलेलं नाही. मुलगी हयात असेल तर तिची परवानगी घ्यावी, कागद घरातच ठेवावा. पण लिहावं.

आणि नाव? तेही मिळतं, फक्त अनपेक्षित जागी. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांतल्या बायकांची नावं उच्चारावी लागतात, शिवाय आईच्या माहेरचीही. त्यामुळे वडिलांच्या वंशावळीत जिला जागा मिळाली नाही तिचं नाव त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत बसलेलं असू शकतं. तार्नाक्याच्या सरकारी अभिलेखागारात जाण्याआधी ती वही पाहून या, म्हणजे सासरचं आणि माहेरचं असे दोन्ही धागे हातात येतील.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं. पणजीच्या वेळी तशी सोय नव्हती. १९४३ साली विशीत असलेली बाई आज शंभरी ओलांडलेली असेल. तिच्या मुली ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर या आठवड्यातच तिच्याकडे जा. पहिला प्रश्न नावाचा नको. आई पैसे आणायची ते हाली की कलदार, एवढंच विचारा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या.