उन्हाळ्याची तयारी (भाग ४) : आजारी माणूस, त्याच्या गोळ्या आणि मे महिना

मागच्या भागात आपण उन्हात राबणाऱ्यांचा विचार केला. पण उष्माघात होण्यासाठी घराबाहेर पाऊल टाकावंच लागतं असं नाही. टिनाच्या छपराखाली दिवसभर खाटेवर पडून असलेल्या आजोबांनाही तो होतो, आणि बहुतेकदा उशिरा लक्षात येतो. त्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मनाचा आजार असेल, तर धोका दुपटीनं लक्षात ठेवायला हवा, कारण आजाराइतकाच त्यांच्या औषधांचाही या गोष्टीशी संबंध असतो.

बाहेर तापलं की शरीर रक्त त्वचेकडे वळवतं आणि घाम सोडतं. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. यासाठी हृदयाला जास्त काम करावं लागतं आणि अंगात पुरेसं पाणी असावं लागतं. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी दिलेली ‘लघवीची गोळी’ नेमकं हेच पाणी आणि मीठ बाहेर काढते. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. मानसिक आजाराच्या काही औषधांनी, तसंच त्यांच्याबरोबर हात थरथरू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलनं घामच कमी येतो. लिथियमचं तर आणखी जपावं लागतं. अंगातलं पाणी घटलं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. मग हात जोरात थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते, आणि घरचे म्हणतात, ‘आजार उलटला’.

हे वाचून कुणीही गोळी बंद करू नये. अचानक औषध सोडण्याचा धोका उन्हापेक्षा मोठा असू शकतो. मार्च उजाडला की औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि सरळ विचारावं, ‘उन्हाळ्यात यातल्या कशाचा डोस बदलायचा का?’ हा प्रश्न रुग्णाआधी डॉक्टरांनीच विचारावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला बहुतेकांसाठी योग्यच आहे. पण ज्यांचं हृदय अशक्त झालंय किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं. त्यांनी घाबरून तांब्यामागून तांब्या रिचवला तर रात्री धाप लागते, आणि एरवीचंच माप मे महिन्यात पाळलं तर चक्कर येऊन पडायला होतं. जलसंजीवनीतही मीठ असतं, तेव्हा तीही त्यांनी विचारूनच घ्यावी. हृदयरुग्णांसाठी साधा वजनकाटा मोठा आधार आहे. रोज सकाळी, लघवी झाल्यावर वजन करावं. दोन दिवसांत दीड-दोन किलो उतरलं तर अंगातलं पाणी कमी होतंय, तितकंच चढलं तर पाणी साचतंय. दोन्ही वेळा डॉक्टरांना फोन करायचा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी बाटली खिडकीत किंवा उभ्या गाडीत ठेवू नये. फ्रिज नसेल तर बाटली डबीत बंद करून ती डबी ओल्या मडक्यात ठेवावी. उष्णतेनं त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, इन्सुलिन लवकर भिनतं आणि साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम आला की तो उकाड्याचाच असं न धरता साखर तपासावी.

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ साली तिथं देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा झाला. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. शारदाबेन रुग्णालयातला नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला.

आपल्या गावांत अशा कामाची निम्मी तयारी आधीच झालेली आहे. तिशीपुढच्या लोकांच्या रक्तदाब-मधुमेहाच्या नोंदी आशाताई ठेवतात. त्यातून एकट्या राहणाऱ्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची यादी निघू शकते. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की त्या घरांत दुपारी कुणीतरी जायचं. ‘पाणी प्यालात का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘आजी, सकाळपासून लघवीला कितीदा गेलात?’ असं विचारावं. खोलीत पंखा असला तरी तेवढ्यावर विसंबू नये. पारा चाळिशीपार गेला की कोरड्या अंगावर तो गरम हवाच मारतो. अंग ओल्या कापडानं पुसून मग पंखा लावला तर उपयोग होतो.

अंग भाजतंय आणि माणूस भलतंसलतं बोलतोय किंवा ओळख विसरलाय, तर तो उष्माघात समजायचा, घाम असो वा नसो. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. कपडे काढा, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही, उलट यकृतावर भार पडतो. रुग्णवाहिकेत चढवल्यावरही अंग ओलं ठेवणं चालूच राहू द्या.

(पुढील भागात : रात्री न निवणारी घरं)