क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा?

जयंती जवळ आली की व्हॉट्सॲपवर देणगीचे क्यूआर कोड फिरू लागतात. आम्ही वकील आधी एकच पाहतो : खाते संस्थेचे की अध्यक्षांचे? अध्यक्षांचे असेल तर उद्या धर्मादाय आयुक्तांपुढे हिशेब कसा मांडणार? (कार्यक्रमाचे फोटो मात्र ग्रुपवर न चुकता येतात!) फेसबुकवरचे आवाहन अमेरिकेतले आपले बांधवही वाचतात. भारतीय नागरिकाने तिथल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्याची देणगी २०१०च्या कायद्याने विदेशी ठरते. तिला केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२०च्या दुरुस्तीपासून ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. ही परवानगी नसेल तर आवाहनाखालीच ठळक लिहा : परदेशी नागरिकांनी पैसे पाठवू नयेत.