'ब' बसचा : खेळातून अक्षरओळख

रविवारी विहारात वंदना झाली की मोठी माणसे बोलत बसतात आणि तीन ते पाच वर्षांची मुले त्यांच्या पायात घुटमळतात. या तासाभरात मुलांना एखादे अक्षर हसतखेळत कसे ओळखता येईल, हे समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हा विचार नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेकडे येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पाने, खडे, शंख-शिंपले हेच तेथील शैक्षणिक साहित्य. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला.

तरीही आपल्याकडे अक्षर शिकवणे म्हणजे पाटी पुढे ठेवून गिरवून घेणे, अशीच समजूत आहे. तीन वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिल धरण्याइतकी तयार नसतात. अक्षर चुकते, मोठी माणसे रागावतात, आणि पाटीची भीती बसते. आम्ही बँकेच्या काउंटरवर पाहतो : सही करता येत असूनही काही माणसे अंगठा पुढे करतात. चारचौघांत अक्षर चुकेल, ही भीती पन्नाशीतही जात नाही.

आता 'ब' घेऊ. आपण हौसेने 'बुद्ध' आणि 'बाबासाहेब' यांपासून सुरुवात करतो. ही नावे मुलांच्या कानावर असतातच, ती जरूर म्हणून घ्यावीत. परंतु फळ्यावर दाखवताना एकात उकार व जोडाक्षर, तर दुसऱ्यात काना येतो, आणि शब्दाच्या सुरुवातीला नुसता 'ब' मुलाला सापडत नाही. म्हणून दाखवण्यासाठी बस, बकरी, बदक, बटाटा, बशी असे शब्द आधी घ्यावेत.

यासाठी 'नांदेड-लातूर बस' हा खेळ सोपा आहे. मुलांनी एकमेकांचे सदरे धरून रांग करावी, तीच बस. एक मूल कंडक्टर. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर मोठा 'ब' काढून तिकिटे करावीत. लोहा, अहमदपूर, चाकूर असे थांबे घ्यावेत. प्रत्येक थांब्यावर ताईने एक प्रवासी पुकारावा. "बकरी!" म्हणताच मुलांनी "चढा!" म्हणावे, "कणीस!" म्हटले तर "उतरा!" लातूर आले की ताई म्हणते, "बस!" आणि सारी मुले खाली बसतात. एकाच शब्दाचे दोन अर्थ कळताच जो हशा पिकतो, त्यात अक्षर पक्के होते.

त्यानंतर आकार. जमिनीवर खडूने हातभर 'ब' काढून मुलांना त्यावरून चालवावे, मग त्यावर चिंचोके मांडायला द्यावेत. मुले चिंचोके नाकातोंडात घालणार नाहीत, याकडे एका मोठ्या व्यक्तीचे लक्ष असावे. 'व' आणि 'ब' मात्र एकाच दिवशी घेऊ नयेत. 'व'च्या पोटात तिरकी रेघ दिली की 'ब' होतो. एवढ्याशा फरकाने मुले गोंधळतात आणि 'बस'चे 'वस' होते. असे झाल्यास रागावू नये, "बसच्या पोटातला दांडा राहिला की!" एवढेच म्हणावे.

एका अक्षराला एक आठवडा लागला तरी हरकत नाही. या सगळ्याला खर्च नाही. लागतो तो महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघा-तिघांचा रविवारचा एक तास. बाबासाहेबांनी शिक्षणाचे दार आपल्यासाठी उघडले. त्या दारातून आपली लेकरे धाकाने नव्हे, तर हसत आत गेली पाहिजेत. ते काम आपल्या हातात आहे.

जय भीम!