चिठ्ठी पुढे जाते, माहिती मागेच राहते

वाचकहो, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर 'पेशंटला पुढे न्या' म्हणून जी चिठ्ठी देतात, ती तुम्ही कुठे ठेवता? शर्टाच्या खिशात, नाहीतर औषधाच्या पिशवीत. पावसापाण्याची रात्र असली, की जिल्हा रुग्णालयात पोचेस्तोवर तिचा लगदा होतो.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. समजा, दिवस भरलेल्या सुनेचा रक्तदाब वाढून झटके आले. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचं असतं. तो दिला की नाही, किती वाजता दिला, हे पुढच्या डॉक्टरला कळायलाच हवं. दुबार गेला तर श्वास मंदावू शकतो, राहून गेला तर पुन्हा झटके. सोबत आलेली सासू सांगते, "कंबरेत सुया दिल्या बघा." आता यावरून डॉक्टरांनी काय समजायचं?

हीच माहिती संगणकावरून गाडीच्या आधी पोचली, तर तिकडे रक्ताची, भूलतज्ज्ञाची तयारी होईल. जागा नसेल तर तसं आधीच कळेल, हेलपाटा वाचेल. तशी सोय अगदीच नाही असं नव्हे. ई-संजीवनी २०१९ पासून आहे; उपकेंद्रातून पडद्यावर डॉक्टर भेटतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातल्या चौदा आकडी 'आभा' क्रमांकाला तुमचे कागद जोडता येतात आणि तुमच्या संमतीने पुढच्या दवाखान्याला बघता येतात.

पण घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. वीज गेलेली, रेंज नाही. सिस्टरांनी तीच माहिती रजिस्टरात लिहायची आणि संगणकातही भरायची. संमतीचा ओटीपी येतो तो मोबाइल पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलाच्या खिशात! आणि आमच्या मते खरी मेख ही, की रात्री दोन वाजता मोठ्या दवाखान्यात तो पडदा बघणार कोण? त्या कामावर नेमका माणूस नसेल, तर संगणकातली चिठ्ठीही भिजल्यासारखीच.

उलट टपालाचं तर कुणी बोलतच नाही. बाळंतीण घरी आली, तिथे काय केलं, गोळ्या किती दिवस, हे गावच्या आशाताईला कळवणार कोण?

तूर्तास एवढं करा. निघण्याआधी चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा, इंजेक्शनचं नाव आणि वेळ तीवर लिहून मागा. आणि १०८ची गाडी आली, की तिच्यातल्या डॉक्टरांना ती आधी दाखवा.