सट्ट्याचा भाव काय सांगतो?

विधानसभा निवडणुकीत बीबीच्या पारावर ‘अमक्याचा भाव २५ पैसे’ असे कानी पडले, तर अर्थ काय? तो जिंकल्यास रुपयावर २५ पैसे नफा, हरल्यास रुपया बुडाला. म्हणजे जिंकण्याची शक्यता १ भागिले १.२५, ८० टक्के. एकमेव प्रतिस्पर्ध्याचा भाव ३ रुपये असेल, तर १ भागिले ४, २५ टक्के. बेरीज १०५! वरचे ५ बुकीची कमाई. ती वगळा: ८० भागिले १०५, सुमारे ७६ टक्के. अशा चार लढतींतली साधारण एक उलटतेच. (पारावर हे कोणी सांगत नाही!)

पैसे लावणाऱ्यांचे अंदाज स्वतंत्र असतील, तर चुका परस्परांना खोडतात. सर्वांनी एकच अफवा ऐकली, तर भावही तीच सांगतो. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये अभ्यासासाठी असा बाजार उघडला. आपल्याकडे मात्र १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने सट्टा गुन्हा आहे.